आगंतुक आणि यजमान : गनिमी परफॉर्मन्स आर्ट आणि कलासंस्था

न्यूयॉर्क, १८ नोव्हेंबर १९६९, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे ‘मोमा’च्या दर्शनी दालनात नेहमीची वर्दळ आहे. दोन पुरुष आणि दोन स्त्रिया आत येतात. पुरुष सूट-टायमध्ये, स्त्रियाही चारचौघींसारख्या कपड्यांत. त्यांच्या कपड्यांखाली प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या आहेत आणि त्यांत मिळून दोन गॅलन, म्हणजे साधारण साडेसात लिटर, गाईबैलांचं रक्त आहे, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ते शंभरेक पत्रकं जमिनीवर भिरकावतात आणि एकाएकी एकमेकांवर तुटून पडतात. आरडाओरडा, फाटणारे कपडे, फुटणाऱ्या पिशव्या. मग आवाज हळूहळू खाली येतो आणि चौघं रक्ताच्या थारोळ्यात पडून नुसती कण्हत राहतात. भोवती जमलेली माणसं गप्प. थोड्या वेळाने चौघं उठून उभी राहतात, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. नाटकाचा पडदा पडल्यावर वाजवतात तशा. ओव्हरकोट चढवून मंडळी निघतात, तोवर पोलीस पोचतात.

पत्रकातली मागणी साधी होती : रॉकफेलर घराण्यातल्या सगळ्यांनी मोमाच्या विश्वस्त मंडळाचा तत्काळ राजीनामा द्यावा, कारण त्यांचा पैसा व्हिएतनाम युद्धाला सामग्री पुरवणाऱ्या उद्योगांत गुंतलेला आहे. हे करणाऱ्यांचं नाव गुरिल्ला आर्ट ॲक्शन ग्रुप. त्या दिवशी जॉन हेन्ड्रिक्स, ज्याँ टॉश, पॉपी जॉन्सन आणि सिल्व्हियाना हे चौघं होते.

राजीनामे कुणी दिले नाहीत. गेल्या पन्नासेक वर्षांत या विषयावर जे लिहिलं-बोललं गेलं त्याचा मोठा भाग मात्र त्या टाळ्यांभोवती फिरतो. न बोलावता आलेल्यांनी ज्या घरात रक्त सांडलं, त्याच घरातल्या पाहुण्यांनी त्याला ‘कला’ ठरवून टाकलं, तेही दहा-पंधरा मिनिटांत. मग घुसखोरी कुठे संपली आणि प्रयोग कुठे सुरू झाला?

शब्दाची हद्द

‘गुरिल्ला’ हा शब्द स्पॅनिश, अर्थ ‘लहानसं युद्ध’. नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये झालेल्या लढ्यातून तो जगभर गेला. आपल्याकडे त्याला ‘गनिमी कावा’ असा तयार शब्द होता. ‘गनीम’ म्हणजे शत्रू आणि ‘कावा’ म्हणजे घोड्याला वर्तुळात फिरवणं. गंमत अशी की ‘गनीम’ हे नाव मराठ्यांना मोगलांच्या बाजूने मिळालेलं. म्हणजे हा शब्द मुळात पलीकडच्या छावणीतून आलेला आहे. आपल्या विषयाला ते चपखल बसतं, कारण इथेही कोण कुणाचा गनीम हे दर पिढीत बदललं आहे.

या लेखात गनिमी परफॉर्मन्स म्हणजे परवानगी न घेता, आपल्या देहाला माध्यम करून, एखाद्या कलासंस्थेच्या आवारात किंवा तिच्या नावाने केलेली कृती. पथनाट्य शेजारचं असलं तरी वेगळं. पथनाट्याला प्रेक्षक हवा असतो, कलादालनाचा शिक्का नको असतो. गनिमी परफॉर्मन्सचं भांडण त्या शिक्क्याशीच असतं.

१९६९ आणि त्याआधी

दादावाद्यांच्या आणि भविष्यवाद्यांच्या हुल्लडीपासून ही वंशावळ सांगण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, पण त्यात संग्रहालय फारसं नसतं, कारण तेव्हा आधुनिक कलेचं संग्रहालय ही वस्तूच अजून उभी राहायची होती. माझ्या मते खरा आरंभ साठच्या दशकात शोधावा, आणि तोही फक्त न्यूयॉर्कमध्ये नाही. १९६५ मध्ये रिओ दि जानेरोच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘ओपिनियाओ ६५’ हे प्रदर्शन उघडलं. एलिओ ओइतिसिका हा तरुण कलावंत मांगेरा वस्तीतल्या सांबा नर्तकांना घेऊन आला. अंगावर त्याने बनवलेले रंगीबेरंगी झगे, ‘पारांगोले’. चित्रकाराला आत प्रवेश होता, वस्तीतल्या नर्तकांना नव्हता. सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा मंडळी बाहेरच्या बागेत नाचली. ओइतिसिकाने संस्थेवर हल्ला केला नव्हता. तो दारातून आत जायला निघाला होता, एवढंच. आज पारांगोलेशिवाय ब्राझीलच्या आधुनिक कलेचा इतिहास लिहिता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९६९ हे वर्ष गजबजलेलं होतं. ३ जानेवारीला टाकिस या ग्रीक शिल्पकाराने मोमाच्या प्रदर्शनातून स्वतःचंच शिल्प उचललं आणि ते घेऊन बागेत जाऊन बसला. संग्रहालयाच्या मालकीचं असलं तरी आपल्या इच्छेविरुद्ध ते मांडता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्यातून आर्ट वर्कर्स कोअलिशन उभी राहिली. तिच्या तेरा मागण्यांत मोफत प्रवेशाची मागणी होती, आणि पुढच्याच वर्षी मोमाने आठवड्यातला एक दिवस मोफत केला. ऑगस्टमध्ये यायोई कुसामाने त्याच संग्रहालयाच्या शिल्पबागेत आठ नग्न माणसं उतरवली. रखवालदार त्यांना बाहेर यायच्या विनवण्या करत होते. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर तो फोटो होता आणि ही कला आहे का, असा प्रश्न. १९९८ मध्ये कुसामाचं मोठं प्रदर्शन मोमातच भरलं.

या एकोणतीस वर्षांच्या अंतराला काही अभ्यासक संस्थेचा पराभव म्हणतात, काही तिची पचनशक्ती.

यजमान सरकार असतं तेव्हा

‘संस्था’ म्हटलं की पाश्चात्त्य लेखनात श्रीमंत विश्वस्तांचं खासगी संग्रहालय डोळ्यासमोर येतं. सान्तियागो, बीजिंग, मॉस्को इथे संस्था म्हणजे सरकार, आणि तिथे गनिमी कृतीचं मोलही वेगळं आणि किंमतही.

चिलीत पिनोशेच्या राजवटीत, १९७९ मध्ये, ‘काडा’ या गटाने दुधाचे ट्रक राष्ट्रीय ललित कला संग्रहालयासमोर ओळीने उभे केले आणि संग्रहालयाच्या दर्शनी भागावर पांढरं कापड टाकलं. संग्रहालय बंद करून टाकणारं कापड आणि दुधाला महाग झालेलं शहर, दोन्ही एकाच चौकटीत. घोषणा नाही, झटापट नाही. पांढरं कापड आणि दूध यांवर कोणतं कलम लावणार?

बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात ५ फेब्रुवारी १९८९ रोजी ‘चायना अवाँ-गार्द’ प्रदर्शन उघडलं. परफॉर्मन्स होणार नाहीत, या अटीवरच जागा मिळाली होती. तरी एकाने अंडी उबवायला घेतली, एकाने कोळंबी विकायला मांडली, एकाने पाय धुतले. शियाओ लू या तरुणीने आपल्याच मांडणीशिल्पावर, दोन टेलिफोन बूथ आणि मधला आरसा यांवर, पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. पोलिसांनी प्रदर्शन काही दिवस बंद केलं. चारच महिन्यांनी तिआनआनमेन घडलं आणि त्या दोन गोळ्या पुढच्या गोळीबाराची नांदी म्हणून वाचल्या जाऊ लागल्या. पंधराएक वर्षांनी शियाओ लूने सांगितलं की त्या कृतीमागे राजकारणापेक्षा तिच्या खासगी आयुष्यातली जखम होती, आणि सहकर्ता म्हणून ज्या पुरुषाचं नाव जोडलं गेलं होतं त्याचं श्रेयही तिने नाकारलं. समीक्षकांची तेव्हा अडचण झाली. गनिमी कृतीचा अर्थ कुणाच्या हाती असतो, हा प्रश्न तिथून नव्याने सुरू झाला.

रशियातली गोष्ट थोडी विनोदी आहे आणि शेवटी अजिबात नाही. ‘व्होइना’ गटाने जून २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लितेइनी पुलावर पासष्ट मीटर लांबीचं लिंग रंगवलं. रात्री पूल उघडला तसं ते गुप्तचर खात्याच्या इमारतीसमोर ताठ उभं राहिलं. पुढच्या वर्षी याच कृतीला सरकारी पाठबळाचं ‘इनोव्हेशन’ पारितोषिक मिळालं, चार लाख रुबल. मधल्या काळात गटातले दोघं दुसऱ्या एका कृतीसाठी तुरुंगात जाऊन आले होते. एकाच राज्याचा एक हात बेड्या घालतो आणि दुसरा बक्षीस देतो, अशी फट तेव्हा शिल्लक होती. २०१६ पर्यंत ती बुजली. प्योत्र पावलेन्स्कीने गुप्तचर खात्याच्या लुब्यांकातल्या मुख्यालयाचं दार पेटवलं. ती कृती त्याच पारितोषिकासाठी पुढे आली तेव्हा आयोजकांनी ती यादीतून काढली, आणि परीक्षकांतले काही जण निषेध म्हणून बाहेर पडले.

दार आतून उघडतं

ऐंशीच्या दशकापासून पाश्चात्त्य संग्रहालयांनी वेगळा मार्ग घेतला. आगंतुकाला हाकलण्यापेक्षा त्याला पान वाढावं.

‘गुरिल्ला गर्ल्स’चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९८४ मध्ये मोमाच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात दीडशेहून अधिक कलावंतांमध्ये स्त्रिया फक्त तेरा होत्या. त्या संतापातून १९८५ मध्ये गोरिलाचे मुखवटे घातलेल्या या निनावी बायका रस्त्यावर आल्या. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक विभागात स्त्री-कलावंत पाच टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांतली पंच्याऐंशी टक्के शरीरं स्त्रियांची, हा त्यांच्या १९८९ च्या पोस्टरचा हिशेब. ते पोस्टर आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे आणि गटाची कागदपत्रं लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत.

हेन्ड्रिक्सचं काय झालं? रक्त सांडणारा हा माणूस पुढे फ्लक्सस चळवळीचा मोठा जाणकार झाला. सिल्व्हरमन दांपत्याच्या फ्लक्सस संग्रहाचा तो क्युरेटर होता. २००८ मध्ये तो संग्रह मोमाला भेट मिळाला आणि हेन्ड्रिक्स मोमाचा सल्लागार क्युरेटर झाला. याला कुणी घूमजाव म्हणेल, पण मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. फ्लक्ससची चिठोरी, काडेपेट्या आणि सूचनापत्रं सांभाळायला ती चळवळ आतून ओळखणारा माणूस लागणारच होता.

बॅन्क्सीने २००५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये गुपचूप एक दगडाचा तुकडा लावला. त्यावर आदिमानव, आणि त्याच्या पुढ्यात सुपरमार्केटची ढकलगाडी. सोबत संग्रहालयाच्या धाटणीची माहितीपट्टीही. काही दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. २०१८ मध्ये तोच तुकडा त्याच संग्रहालयाने विरोधाच्या वस्तूंच्या प्रदर्शनात, या वेळी रीतसर, मांडला. त्याच वर्षी सदबीच्या लिलावात हातोडा पडताच बॅन्क्सीचं चित्र चौकटीतल्या यंत्राने अर्धं कातरून टाकलं. दहा लाख पौंडांच्या आसपास विकलं गेलेलं ते चित्र तीन वर्षांनी कातरलेल्या अवस्थेत एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांना गेलं.

संस्थेच्या अंतर्गत रचनेतही बदल झाले. मोमाने २००९ मध्ये आपल्या एका विभागाच्या नावात ‘परफॉर्मन्स आर्ट’ हे शब्द घातले. त्याआधी वर्षभर टिनो सेगलचा ‘किस’ हा प्रयोग विकत घेतला होता. कागदावर काहीही नाही, नोटरीसमोर तोंडी व्यवहार. टेटने टानिया ब्रुगेराची ‘टॅटलिन्स व्हिस्पर ५’ ही कृती संग्रहात घेतली. तिच्यात गणवेशातले दोन घोडेस्वार पोलीस प्रेक्षकांना दालनात इकडून तिकडे हाकतात. गर्दी हाकलण्याची पोलिसी पद्धतच संग्रहालयाच्या मालकीची वस्तू झाली. ब्रुगेराने याच मालिकेतली कृती डिसेंबर २०१४ मध्ये हवानाच्या क्रांती चौकात करायचं ठरवलं, तेव्हा तिला अटक झाली.

वाद कुठे कुठे आहे

पहिली भूमिका निराशेची म्हणावी लागेल. जर्मन अभ्यासक पीटर ब्युर्गर याने १९७४ मध्ये मांडलं की कला आणि जगणं यांतली भिंत पाडायला निघालेले मूळ अवाँ-गार्द हरले. त्यानंतर तीच बंडखोरी पुन्हा करणाऱ्यांचं बंड संस्थेच्या आतलंच एक दालन होऊन बसतं. टाळ्या वाजवणारा तो १९६९ चा जमाव ब्युर्गरच्या बाजूचा साक्षीदार.

दुसरी भूमिका अँड्रिया फ्रेझरची. १९८९ मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ‘जेन कॅसलटन’ नावाची मार्गदर्शक बनून लोकांना सहल घडवली आणि चित्रांइतक्याच गहिवराने पाणपोई, स्वच्छतागृह नि उपाहारगृहाचं वर्णन केलं. ही कृती निमंत्रणावरून झाली होती. फ्रेझरने २००५ मध्ये लिहिलं की संस्थेच्या ‘बाहेर’ असं कलावंताला काही उरलेलंच नाही, कारण संस्था आपल्या सवयींत, आपल्या नजरेत वसलेली असते. मग उरतं ते घरचा आहेर देणं. फ्रेझरचे टीकाकार म्हणतात की हे फार सोयीचं तत्त्वज्ञान आहे. बाहेर काही नाहीच म्हटल्यावर बाहेर जायचे कष्ट वाचतात.

तिसरी भूमिका राजकीय विचारवंत शान्ताल मूफची. संस्थांकडे पाठ फिरवली तर त्या विरोधकांच्याच हाती जातात, म्हणून त्यांच्या आत शिरून झगडत राहावं, असं तिचं म्हणणं. याच्या उलट ग्रेगरी शोलेट. कलाविश्वाचं बहुतेक श्रम करणारी, पण कधीच न दिसणारी जी प्रचंड जमात आहे तिला तो ‘डार्क मॅटर’ म्हणतो. काही निवडक बंडखोर चकचकीत दालनात पोचतात तेव्हा बाकीचा अंधार अधिकच गडद होतो, हा त्याचा मुद्दा. शोलेट ज्या गटात होता त्याचं कागदपत्रांचं भांडार मात्र मोमाच्याच ग्रंथालयात आहे, आणि त्याने ते कधी लपवलेलं नाही.

चौथा वाद कलेच्या स्वरूपाचा आहे आणि वरवर कोरडा वाटला तरी सगळ्याच्या मुळाशी आहे. पेगी फेलनने १९९३ मध्ये ठामपणे म्हटलं की परफॉर्मन्स फक्त वर्तमानात जगतो. त्याची नोंद झाली की ती दुसरीच वस्तू. अमेलिया जोन्स आणि फिलिप ऑसलँडर यांनी ते खोडलं. बहुतेक सगळे गाजलेले परफॉर्मन्स आपण फोटोंतूनच ओळखतो, आणि पुष्कळदा कृती कॅमेऱ्यासाठीच रचलेली असते, असं त्यांचं उत्तर. गुरिल्ला आर्ट ॲक्शन ग्रुपचा १९६९ चा प्रकार आपण इतक्या तपशिलाने सांगू शकतो, कारण त्यांनी सोबत छायाचित्रकार नेला होता आणि नंतर व्यवस्थित निवेदन लिहिलं होतं. गनीम इतका दफ्तरदार असेल, तर शेवटी दफ्तरखान्यात पोचला याचं नवल करायला नको.

पैशाचा धागा

गेल्या पंधरा वर्षांत वादाचं केंद्र सरकलं आहे. ‘कला कशाला म्हणायचं’ हे मागे पडून ‘संग्रहालय कुणाच्या पैशावर चालतं’ हा १९६९ चाच प्रश्न परत आला आहे, आणि या खेपेला त्याची काही उत्तरंही मिळाली आहेत.

लंडनच्या टेटला बीपी या तेलकंपनीचं प्रायोजकत्व होतं. जानेवारी २०१० मध्ये टेटनेच कला आणि आंदोलन यावर कार्यशाळा ठेवली आणि शिकवणाऱ्यांना सुचवलं की प्रायोजकांविरुद्ध काही करू नका. त्या कार्यशाळेतून ‘लिबरेट टेट’ जन्माला आलं. एप्रिल २०११ मध्ये, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीला वर्ष झालं त्या दिवशी, टेट ब्रिटनच्या फरशीवर एक नग्न माणूस सत्याऐंशी मिनिटं पडून राहिला. त्याच्या अंगावर तेलासारखा काळा द्रव ओतला जात होता. गळती सत्याऐंशी दिवस चालली होती.

७ जुलै २०१२ चा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. पवनचक्कीचं साडेसोळा मीटर लांबीचं, दीड टन वजनाचं पातं सुटे भाग करून शंभराहून अधिक माणसांनी खांद्यावर घेतलं. थेम्सवरच्या मिलेनियम पुलावरून वाजतगाजत नव्हे, शिस्तीत आणि गप्पपणे, ते टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये आणलं, तिथे जोडलं आणि संग्रहालयविषयक १९९२ च्या कायद्याचा हवाला देत राष्ट्राला रीतसर भेट म्हणून देऊ केलं. देणगी आली म्हणजे विश्वस्तांना तिचा विचार करावाच लागतो. एका कृतीने घुसखोर देणगीदार झाले आणि पहारेकऱ्यांपुढचा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत गेला. आपल्या लग्नपत्रिकांच्या तळाशी असतं तसं, आहेर स्वीकारला जाणार नाही, असंच शेवटी उत्तर आलं. पातं परत गेलं, पण त्याची कागदपत्रं टेटच्या दफ्तरात राहिली.

जून २०१५ मध्ये पंचाहत्तर जणांनी टर्बाइन हॉलच्या उतारावर कोळशाने हवामानबदलाविषयीचा मजकूर लिहिला, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत, पंचवीस तास. दरम्यान माहितीच्या अधिकाराच्या लढाईतून बाहेर आलं की १९९० ते २००६ या सतरा वर्षांत बीपीने टेटला अडतीस लाख पौंड दिले, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास. टेटच्या पसाऱ्यात ही रक्कम किरकोळ होती, आणि अनेकांच्या मते कोणत्याही परफॉर्मन्सपेक्षा हा आकडाच अधिक बोलका ठरला. मार्च २०१६ मध्ये प्रायोजकत्व संपत असल्याचं जाहीर झालं. कंपनीने कारण सांगितलं ते व्यवसायातल्या कठीण परिस्थितीचं.

छायाचित्रकार नॅन गोल्डिनच्या ‘पेन’ गटाचं यश अधिक ठळक आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या व्यसनात ती स्वतः सापडली होती आणि ते औषध काढणाऱ्या कंपनीचे मालक सॅकलर कुटुंबीय हे संग्रहालयांचे मोठे दाते. मार्च २०१८ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या सॅकलर कक्षातल्या पाण्यात औषधांच्या शेकडो बाटल्या तरंगू लागल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये गुगेनहाइमच्या गोल सज्जांवरून डॉक्टरी चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. लुव्ह्रने २०१९ मध्ये आणि मेट्रोपॉलिटनने २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते नाव भिंतींवरून काढलं. इथे एक तपशील विसरू नये. गोल्डिनची छायाचित्रं यांतल्या काही संग्रहालयांच्या संग्रहात होती. आगंतुक असूनही तिला घरात स्थान होतं, आणि तिने ते पणाला लावलं.

उलटं उदाहरणही समोर ठेवायला हवं. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘बीपी ऑर नॉट बीपी?’ या गटाने ट्रॉयवरच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ब्रिटिश म्युझियमच्या आवारात प्रचंड ट्रोजन घोडा आणून उभा केला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याच म्युझियमने बीपीकडून दहा वर्षांसाठी पाच कोटी पौंड घेतल्याचं जाहीर केलं.

काच, सूप आणि हातोडा

कलाकृतीलाच हात लावणं, ही जुनी आणि सर्वांत अवघड उपशाखा. टोनी शाफ्राझीने १९७४ मध्ये ‘गेर्निका’वर लाल रंगाचा फवारा मारला आणि पुढे तो न्यूयॉर्कचा नामांकित गॅलरीवाला झाला. अलेक्झांडर ब्रेनरने १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमला मालेविचच्या चित्रावर हिरवा डॉलर काढला आणि आपण मालेविचशी संवाद करतोय असं सांगितलं. न्यायालयाला संवाद ऐकू आला नाही, तुरुंगवास झाला. प्येर पिनोन्सेलीने २००६ मध्ये पॅरिसला द्यूशाँच्या ‘फाउंटन’वर हातोडा घातला. ते भांडं १९६४ च्या आवृत्तीतलं होतं, मूळ १९१७ चं केव्हाच हरवलेलं. मूळच नसलेल्या वस्तूचं नुकसान कसं मोजायचं, असा पेच त्याने कायद्यापुढे टाकला, पण कायद्याने तो फारसा मनावर घेतला नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉखच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप फेकलं गेलं. काचेमुळे चित्र वाचलं, चौकटीला धक्का लागला. पुढच्याच महिन्यात जगभरातल्या ब्याण्णव संग्रहालय-संचालकांनी पत्रक काढलं : या कृती करणाऱ्यांना कलावस्तूंच्या नाजूकपणाची कल्पना नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सूप फेकणाऱ्या दोन तरुण आंदोलकांना दोन वर्षं आणि वीस महिने अशा शिक्षा झाल्या. शिक्षेआधी शंभराहून अधिक कलावंत-अभ्यासकांनी तुरुंगवास नको असं खुलं पत्र लिहिलं होतं आणि त्यात या कृतीला कलेच्या इतिहासातल्या मूर्तिभंजक परंपरेत जागा दिली होती. आंदोलकांनी स्वतः मात्र आपण कला करतोय असा दावा कधी फारसा केला नाही. अभ्यासकांनी तो त्यांच्या वतीने केला, हे मला थोडं चमत्कारिक वाटतं. काही आठवड्यांत नॅशनल गॅलरीने पाण्याच्या बाटल्याही आत न्यायला बंदी घातली. बाळाचं दूध आणि औषधं तेवढी वगळली.

मुंबईत यजमान कोण?

आपल्याकडे ही चर्चा आणली की पहिल्यांदा अडखळायला होतं. जहांगीर आर्ट गॅलरी हे मुंबईच्या कलाजगताचं सगळ्यांत ओळखीचं दार, पण १९५२ पासूनचं हे दालन कलावंताला आठवड्याच्या भाड्याने मिळतं, तेही वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर. जिथे कलावंतच भाडेकरू आहे, तिथे घुसखोरी कुणाच्या घरात करायची?

त्यामुळे इथल्या गनिमी ऊर्मीने वेगळी लक्ष्यं शोधली. १९८७ मध्ये बडोद्याला ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन करणाऱ्या रॅडिकल पेंटर्स अँड स्कल्प्टर्स गटाने १९८९ मध्ये सदबीच्या मुंबईतल्या लिलावाविरुद्ध निदर्शनं केली. त्यांचा शत्रू संग्रहालय नव्हतं, नुकताच दारात आलेला बाजार होता. गटाचा जाहीरनामा लिहिणाऱ्या अनिता दुबे २०१८ च्या कोची बिनालेच्या क्युरेटर झाल्या. हेन्ड्रिक्सच्या प्रवासाची आठवण होते, पण कोची बिनाले ही स्वतः कलावंतांनी उभी केलेली संस्था होती, हा फरक आहे.

मुंबईत १९९९ मध्ये तुषार जोग, शर्मिला सामंत आणि सहकाऱ्यांनी ‘ओपन सर्कल’ सुरू केलं. पुढे जोगांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ नावाचं एकट्याचंच, सरकारी खात्याच्या थाटाचं सार्वजनिक बांधकाम खातं काढलं. कलासंस्थेत घुसण्याऐवजी संस्थेचं सोंग घेणं, ही त्यांची चाल. २०१० मध्ये शांघाय बिनालेचं निमंत्रण आल्यावर हा गृहस्थ मुंबईहून मोटरसायकलने निघाला आणि त्रेपन्न दिवसांनी शांघायला पोचला. निमंत्रण विमानाने जाण्याचं असतं, या गृहीतकालाच त्याने वळसा घातला. कावा शब्दाचा मूळ अर्थ आठवावा. २०१८ च्या अखेरीस जोग गेले. त्यांच्या कामावर मराठीत अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला गोव्याचा निखिल चोप्रा. २०१९ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या निमंत्रणावरून तो नऊ दिवस त्या संग्रहालयात राहिला, झोपला, चित्रं काढत दालनं ओलांडत गेला. परवानगीने केलेला मुक्काम आणि घुसखोरी यांत देह तोच असतो, पण जोखीम वेगळी.

आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक सल्लागार समित्या रद्द झाल्याचा विषय त्यांनी काढताच त्यांना मध्येच थांबवण्यात आलं, प्रदर्शनापुरतंच बोला म्हणून. हा परफॉर्मन्स नव्हता. पालेकर रीतसर निमंत्रित होते. तरी संस्थेने त्यांच्याकडे पाहिलं ते आगंतुक म्हणूनच. आपल्याकडे गनिमी कृतीसाठी रक्ताच्या पिशव्या लागत नाहीत, विषयाबाहेरचं एक वाक्य पुरतं.

जे सुटलेलं नाही

कार्यकारणभाव सुटलेला नाही. बीपी टेटमधून गेली ती कोळशाच्या मजकुरामुळे, माहिती अधिकारातल्या आकड्यामुळे की तेलाच्या उतरलेल्या भावामुळे, हे कुणालाच वेगळं काढून दाखवता येत नाही. सॅकलरच्या बाबतीतही न्यायालयांतले खटले समांतर चालू होते.

जतनाचं कोडं तसंच आहे. संग्रहालय आज एखादी गनिमी कृती पुन्हा ‘सादर’ करतं तेव्हा परवानगी, विमा आणि अग्निशमनाचे नियम पाळूनच करतं. ज्या एका गोष्टीवर तिचं अस्तित्व उभं होतं, परवानगीचा अभाव, तीच जतन करता येत नाही. काही क्युरेटर म्हणतात, म्हणून फक्त कागदपत्रं ठेवावीत. काही म्हणतात, पुनःप्रयोगातून निदान पुढच्या पिढीच्या देहाला ती आठवण राहते. मला पहिला मार्ग प्रामाणिक वाटतो आणि दुसरा अधिक जिवंत.

शिक्षेची विषमता तर उघडच आहे. हवानात अटक होते, लंडनमध्ये एका दशकात दफ्तरात जागा मिळते आणि पुढच्या दशकात दोन वर्षांची सजा. ओइतिसिकाबरोबरच्या मांगेराच्या नर्तकांची नावं फारशी कुठे येत नाहीत.

आणि पहारेकरी. या सगळ्या इतिहासात संस्थेचा चेहरा म्हणून कलावंतासमोर प्रत्यक्ष उभा राहतो तो विश्वस्त नव्हे, तासावर पगार घेणारा माणूस. कुसामाच्या मंडळींना बाहेर या म्हणणारे तेच, आणि चित्रावर सूप पडल्यावर पहिल्यांदा धावणारेही तेच. त्यांच्या बाजूने लिहिलेलं फार थोडं आहे. २०२२ मध्ये बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टने आपल्याच सतरा पहारेकऱ्यांना संग्रहातून कलाकृती निवडून प्रदर्शन मांडायला दिलं. रोज आठ-आठ तास त्या चित्रांसमोर उभे राहणारे लोक, त्यांनी निवडलेली चित्रं, आणि बाजूला त्यांच्याच शब्दांतल्या पट्ट्या. १९६९ च्या त्या दुपारी मोमाच्या फरशीवरून साडेसात लिटर रक्त ज्यांनी पुसलं, त्यांना अशी पट्टी लिहायला दिली असती तर तिच्यावर काय आलं असतं?